कोकणच्या गांधींचा प्रातर्विधी

कोकणातली सकाळ सावकाश उजाडते. अंगणात सडा पडतो, तुळशीला पाणी घातले जाते, चुलीवर पेज रटरटू लागते. नोकरी आणि संसाराची धावपळ सरली, की उतारवयात या निवांत क्रमाची गोडी अधिकच जाणवते. मात्र या क्रमातील पहिल्या कामाविषयी कोणी बोलत नाही. मराठीने त्याला प्रातर्विधी असे सोवळे नाव दिले. पण तो उरकल्यानंतरचे काम कोणी करायचे, हा प्रश्न शतकानुशतके एकाच जातीच्या माथी मारून समाज मोकळा झाला होता. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनी हा प्रश्न स्वतःच्या सकाळीत सामावून घेतला. कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कर्मयोग्याचे उत्तरायुष्य सिंधुदुर्गातील कणकवलीच्या गोपुरी आश्रमात याच कामात गेले.

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. तत्त्वज्ञान हा त्यांचा अभ्यासाचा विषय. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या स. प. महाविद्यालयात, त्यांनी काही काळ अध्यापनही केले. प्राध्यापकीची प्रतिष्ठेची वाट समोर मोकळी असताना ते गांधीजींकडे ओढले गेले आणि साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमात दाखल झाले. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणणारे अनुवादक तेच. १९३०च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहातही ते अग्रभागी होते.

त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात. तुरुंगातील संडास साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडे असे. अप्पासाहेबांनी ते आपल्याला मिळावे, अशी मागणी केली. सवर्ण कैद्याला असे काम देणे तुरुंगाच्या नियमात बसत नव्हते. परवानगी नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्न कमी करून प्रतिकार सुरू केला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींपर्यंत पोहोचली. पुणे करार होऊन जेमतेम दोन महिने लोटले होते. गांधीजींनी सरकारशी पत्रव्यवहार केला आणि ३ डिसेंबर रोजी अप्पासाहेबांसाठी स्वतः उपोषण आरंभले. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी ते सुटले. पुढे सवर्ण कैद्यांना हे काम मागून घेण्याची मुभा मिळाली. हातात झाडू आणि टोपली मिळावी, म्हणून एका पदवीधर ब्राह्मणाने प्राण पणाला लावावेत, ही घटना त्या काळच्या समाजाला चक्रावून टाकणारी होती.

तुरुंगातून सुटल्यावर हे व्रत सुटले नाही. अप्पासाहेबांनी संडास साफ केले, मेलेली जनावरे सोलली, कातडे कमावण्याची विद्या आत्मसात केली. स्वजातीयांचा रोष आणि कुचेष्टा त्यांच्या वाट्याला आली. पण त्याहून अवघड आव्हान वेगळेच होते. मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडून द्यावे, असे आवाहन महाडच्या परिषदेत १९२७ सालीच दलित समाजाला करण्यात आले होते. जे काम जन्माने लादले गेले, ते उच्चवर्णीयाने हौसेने केले म्हणून लादलेल्याची सुटका होत नाही, हा या भूमिकेतला आशय होता. अशा कामाला केवळ प्रतिष्ठा देऊन भागणार नव्हते. ज्यांच्यावर ते लादले गेले, त्यांच्या हातून ते सुटायला हवे होते.

हीच दिशा पुढे गोपुरीत स्पष्ट झाली. ५ मे १९४८ रोजी कणकवलीजवळ गडनदीकाठी अप्पासाहेबांनी आश्रम उभारला, तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. पन्नाशी उलटलेला माणूस सहसा आपली सकाळ थोडी सैल करतो. प्रार्थना, सफाई आणि सूतकताई हा गांधीमार्गी आश्रमांचा क्रम अप्पासाहेबांच्या अंगी मात्र पुरता मुरलेला होता. त्यात सफाई हा शिक्षेचा भाग नव्हता आणि प्रायश्चित्ताचाही नव्हता. स्नानसंध्येइतक्याच सहजतेने आणि प्रसन्नतेने करण्याचे ते नित्यकर्म होते. त्यात घाई नव्हती, किळस नव्हती आणि उपकाराची भावनाही नव्हती.

त्या काळी शहरांत आणि मोठ्या गावांत टोपलीचे संडास सर्रास असत. घरामागच्या बोळातून येऊन मैला उचलायचा आणि डोक्यावरून वाहून न्यायचा, हे काम माणसेच करीत. भंगीमुक्ती हे नाव लाभलेल्या चळवळीसाठी अप्पासाहेबांनी गोपुरीत कमी खर्चाच्या संडासांचे प्रयोग केले. त्यामागचे तत्त्व साधे होते. दोन खड्डे आलटून पालटून वापरायचे. मैल्यावर माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा. एक खड्डा भरला की तो बंद ठेवून दुसरा वापरायला घ्यायचा. काही महिन्यांत पहिल्या खड्ड्यातील मैल्याची माती होते. तिला ना दुर्गंधी, ना ओलसरपणा. हेच सोनखत. ते शेतात टाकायला कोणाही शेतकऱ्याच्या हाताला संकोच वाटू नये. मैला ताजा असताना त्याला हात लावण्याची वेळ कोणावरच येत नाही, हे या रचनेचे खरे मर्म. हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसण्यापेक्षा खड्ड्याची रचना बदलणे अधिक लवकर फळते, हे तत्त्वज्ञानाच्या या प्राध्यापकाला अनुभवाने उमगले होते. चर्मोद्योग, गोबर गॅस, खतनिर्मिती हे गोपुरीतील अन्य उपक्रमही त्याच सूत्रात ओवलेले होते. घाण म्हणून काही नसते, चुकीच्या जागी पडलेली संपत्ती असते, अशी त्यांची दृष्टी होती.

१० मार्च १९७१ रोजी वयाच्या ७६व्या वर्षी अप्पासाहेबांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. याच जिल्ह्याने २०१६च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात देशातील मैदानी जिल्ह्यांत पहिला क्रमांक मिळवला. त्यामागे असंख्य हातांचे श्रम आहेत. पण या मातीत त्या विचाराचे बी कोणी पेरले, हे विसरता येणार नाही.

हाताने मैला उचलण्यावर देशात १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने बंदी आली. तरीही महानगरांत गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. शहरातील निवृत्त गृहस्थ गॅलरीत चहाचा पेला आणि वर्तमानपत्र घेऊन निवांत बसतात, तेव्हा साखळी ओढल्यानंतरचे पाणी कुठे जाते, हे त्यांना दिसत नाही. अप्पासाहेबांची सकाळ तेवढे पाहून झाल्यावरच निवांत होत असे. गडनदीकाठी गोपुरी आजही उभी आहे.