बेडन-पॉवेल : मुलांच्या आधी शिबिर घेणाऱ्यांना तंबूत राहायला लावणारा माणूस

वार्षिक परीक्षा संपत आल्या की व्हॉट्सॲपवर समर कॅम्पच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. ट्रेकिंग, तंबूत मुक्काम, नदीकाठी शेकोटी. पालक फी विचारतात, जेवणाचं विचारतात, मोबाइल जवळ ठेवता येईल का तेही विचारतात. पण चाळीस पोरांना रानात घेऊन जाणारे ताई-दादा हे काम कुठे शिकले, हा प्रश्न फार कमी जण विचारतात.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न एका निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने फार मनावर घेतला होता. रॉबर्ट बेडन-पॉवेल. स्काउट चळवळीचे संस्थापक म्हणून शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो आपण पाहिलेला असतो. मुलांचं शिबिर त्यांनी भरवलं हे सगळ्यांना माहीत असतं. शिबिर घेणाऱ्या मोठ्यांसाठीही त्यांनी शाळा काढली होती, ही गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही.

धूर न काढता स्वयंपाक

रॉबर्टचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असताना ते गेले आणि मोठ्या कुटुंबाचा सगळा भार आईवर आला. चार्टरहाउस या नावाजलेल्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला, पण अभ्यासात त्याने काही दिवे लावले नाहीत. त्याचं खरं शिक्षण शाळेलगतच्या झाडीत चाललं होतं. तिथे तो लपूनछपून ससे पकडायचा आणि मास्तरांना धूर दिसू नये इतक्या बेताने चूल पेटवून ते शिजवायचा.

ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा त्याने लष्कराची परीक्षा दिली. त्यात मात्र इतका वरचा क्रमांक आला की त्याला थेट घोडदळात नेमणूक मिळाली. डिसेंबर १८७६ मध्ये, विशीही पूर्ण झालेली नसताना, तो मुंबई बंदरात उतरला आणि तिथून लखनौला आपल्या १३व्या हुसार्स पलटणीत दाखल झाला.

भारतातल्या त्या वर्षांत त्यांना दोन गोष्टींचं वेड लागलं. एक म्हणजे घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार. यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं आहे. दुसरं वेड शिकवण्याचं. शत्रूच्या मुलखात जाऊन टेहळणी कशी करायची, हे त्या काळी शिपायांना व्याख्यान देऊन शिकवलं जाई आणि शिपाई पेंगत बसत. बेडन-पॉवेल यांनी शिपायांच्या लहान तुकड्या पाडल्या, त्यांना बाहेर काढलं, पावलांचे ठसे ओळखण्याच्या पैजा लावल्या. पुढे १८९७ पासून मीरतला एका पलटणीचे प्रमुख असताना, टेहळणीच्या परीक्षेत उतरलेल्या शिपायांना त्यांनी खास बिल्ला द्यायला सुरुवात केली. त्यावर होकायंत्रातल्या उत्तर दिशेच्या बाणाचं चिन्ह होतं. स्काउटच्या गणवेशावर आज जे तीन पाकळ्यांचं फूल दिसतं, त्याचं मूळ हेच.

नायक, पण कुणाचा?

आफ्रिकेतला त्यांचा काळ इतका सरळ नाही. १८९६ मध्ये आजच्या झिम्बाब्वेमधला उठाव मोडून काढताना त्यांनी उविनी नावाच्या पकडलेल्या स्थानिक नेत्यावर लष्करी खटला चालवला आणि त्याला गोळ्या घालण्याचा हुकूम दिला. याबद्दल त्यांची चौकशी झाली, त्यातून ते सुटले. आजच्या नजरेने हे प्रकरण वाचताना अस्वस्थ व्हायला होतं.

मग आला मॅफेकिंगचा वेढा. दक्षिण आफ्रिकेतलं हे लहानसं गाव ऑक्टोबर १८९९ ते मे १९०० असे २१७ दिवस बोअर सैन्याने वेढलं होतं आणि बेडन-पॉवेल यांनी ते शेवटपर्यंत लढवलं. वेढा उठला त्या रात्री लंडनच्या रस्त्यांवर लोक नाचले. याच वेढ्यात निरोप पोहोचवण्यासारख्या कामांवर गावातली शाळकरी मुलं नेमली होती, आणि विश्वासाने जबाबदारी दिली की मुलं ती पेलतात हे बेडन-पॉवेल यांनी पाहिलं. पण त्याच गावातल्या काळ्या रहिवाशांच्या वाट्याला अन्न कमी आलं, त्यांची उपासमार झाली, हेही इतिहासकारांनी पुढे आणलं आहे. शौर्याची गोष्ट सांगताना ही बाजू वर्षानुवर्षं गाळली गेली.

इंग्लंडला परतल्यावर त्यांना एक गंमत कळली. शिपायांसाठी लिहिलेलं त्यांचं टेहळणीचं छोटं पुस्तक चक्क मुलं वाचत होती. एवढंच नाही, शिक्षिका तयार करणाऱ्या शार्लट मेसन यांच्या संस्थेत ते अभ्यासाला लावलं होतं. बॉइज ब्रिगेड ही मुलांची संघटना काढणाऱ्या विल्यम स्मिथ यांनीही त्यांना सुचवलं, की हे मुलांसाठी नव्याने लिहा.

त्याआधी त्यांनी एक प्रयोग करून पाहिला. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचं शिबिर. काही मुलं श्रीमंतांच्या शाळांतली, तर काही जवळच्या गावांतल्या साध्या घरांतली. वर्गभेदाने चिरफाळलेल्या त्या काळच्या इंग्लंडमध्ये या दोघांना एका तंबूत झोपवणं हीच मोठी गोष्ट होती. फीसुद्धा वेगवेगळी होती : बड्या शाळांतल्या मुलांना १ पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. मुलांचे चार संघ केले, प्रत्येकाला एक संघनायक दिला आणि रोजचा कारभार त्यांच्यावर सोपवला.

१९०८ मध्ये त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक दर पंधरवड्याला एक भाग असं प्रसिद्ध झालं, आणि मग गोष्ट त्यांच्या हाताबाहेर गेली.

मुलं तयार, मोठी माणसं कुठे?

पुस्तक वाचून पोरांनी आपापले संघ काढले. काठ्या घेतल्या, टोप्या घातल्या, रानात गेले. आणि मग आपल्याला कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून शोधायला लागले. कुठे धर्मोपदेशक मिळाला, कुठे शिक्षक, कुठे कारकून, कुठे निवृत्त सार्जंट. यातले बहुतेक सज्जन होते, हौशी होते. पण तंबू ठोकणं, उघड्यावर तीस जणांचा स्वयंपाक करणं, पाण्यात उतरण्याआधी काय पाहायचं, घराच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाशी कसं बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. सार्जंट मंडळी तर सरळ कवायत घ्यायची. बेडन-पॉवेल यांना नेमकी तीच नको होती.

४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतलं एक पथक बोटीने शेपी बेटावरच्या लेसडाउनला शिबिरासाठी निघालं होतं. किनारा जवळ आलेला असताना वादळी वाऱ्याचा झोत आला आणि बोट उलटली. आठ स्काउट आणि प्रशिक्षण जहाजावरचा एक मुलगा बुडाला. पथकाच्या प्रमुखाने मुलांना वाचवण्यासाठी जिवाची बाजी लावली होती, आणि हा अपघातच ठरला. मुलांच्या शवपेट्या आणायला नौदलाने युद्धनौका पाठवली. लंडनमध्ये अंत्ययात्रेला अलोट गर्दी झाली.

या एका घटनेमुळे प्रशिक्षण सुरू झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल. वर्ग, व्याख्यानं अधूनमधून होतच होती. पण दुसऱ्याची मुलं पाण्यावर आणि रानात नेणं म्हणजे काय जोखीम आहे, हे या चळवळीला त्या दिवशी सगळ्यांत कडू पद्धतीने समजलं. त्यानंतर दोन वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. पथकं चालवणारे कितीतरी तरुण आघाडीवर गेले, परतले नाहीत. १९१८ मध्ये मुलं होती, तंबू होते, माणसं नव्हती.

गिलवेलची शाळा

तेव्हा विल्यम मॅक्लारेन हे स्कॉटलंडमधले स्काउट आयुक्त मदतीला आले. लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांना तंबू ठोकायला जागा नाही याची त्यांना खंत होती. त्यांनी लंडनच्या वेशीवर, एपिंगच्या जंगलाला लागून असलेली गिलवेल पार्क ही पडीक मालमत्ता ७,००० पौंडांना घेऊन दिली. बेडन-पॉवेल यांनी आपली अट पुढे केली : इथे मुलं तर येतीलच, पण त्यांना शिकवणारेही इथेच शिकतील.

१९१९ च्या ईस्टरमध्ये साफसफाईला आलेल्या तरुणांनी पहिली रात्र पावसामुळे एका जुन्या छपरात काढली. त्या छपराचं नाव पडलं डुकरांचा गोठा, आणि ते अजून जपून ठेवलं आहे. सप्टेंबर १९१९ मध्ये तिथे शिबिरप्रमुखांसाठीचा पहिला अभ्यासक्रम झाला, ८ ते १९ तारखेपर्यंत. फ्रान्सिस गिडनी हे त्याचे प्रमुख होते.

या अभ्यासक्रमाची गंमत अशी, की मोठ्या माणसांना तिथे मोठं म्हणून वागवलंच जात नव्हतं. आल्याबरोबर त्यांचे संघ पाडले जात. बाहेर कुणी कर्नल असो नाही तर शाळेचा मुख्याध्यापक, तिथे तो आपल्या संघातला एक पोरगा. त्याने लाकडं आणायची, भांडी घासायची, संघनायकाचं ऐकायचं, ओल्या तंबूत झोपायचं, खेळात हरायचं. मुलांना उद्या जे करायला सांगणार, ते आधी स्वतःच्या अंगाने करून पाहायचं, असा हिशोब होता. ज्याने करपलेला भात स्वतः खाल्लाय, तो पोरांवर ओरडण्याआधी चूल बघायला जातो (इंग्रज भात खात नसतील, पण मुद्दा कळला असेल).

आणि दहा-बारा दिवस तंबूत राहिलं म्हणजे झालं असंही नव्हतं. पूर्ण प्रशिक्षणाचे तीन टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात लेखी प्रश्नांची उत्तरं, दुसऱ्यात प्रत्यक्ष शिबिर आणि तिसऱ्यात परत आपल्या गावी जाऊन स्वतःचं पथक नीट चालवून दाखवणं. म्हणजे कागदावर हुशार असलेला आणि पथकासमोर गडबडणारा माणूस तिसऱ्या टप्प्यावर अडकायचा. आजच्या किती प्रशिक्षणांत हा तिसरा टप्पा असतो?

प्रमाणपत्राऐवजी काय द्यायचं, यावर बेडन-पॉवेल यांनी आपली जुनी पेटी उघडली. त्यात झुलू राजा दिनुझुलूची हजाराहून जास्त लाकडी मण्यांची लांब माळ होती. १८८८ मधल्या मोहिमेत ती त्यांच्या हाती आली. कशी आली, याच्या कहाण्या एकमेकींशी जुळत नाहीत. राजाने आपणहून दिली असं म्हणायला फारसा आधार मात्र नाही. त्यातले दोन-दोन मणी चामड्याच्या दोरीत ओवून पहिल्या प्रशिक्षितांना दिले गेले. हाच वूड बॅज. एका पराभूत राजाची खूण शिक्षकांचा मान म्हणून जगभर गेली, यातला विरोधाभास तेव्हा कुणाला टोचला नसावा. पुढे मणी संपले आणि त्यांच्या नकला बनवाव्या लागल्या.

१९२३ मध्ये गिडनी यांच्यानंतर गिलवेलची सूत्रं जे. एस. विल्सन यांच्याकडे आली. ते कलकत्ता पोलिसांत वरिष्ठ अधिकारी होते आणि स्काउटिंगची गोडी त्यांना तिथेच लागली होती. वीस वर्षं त्यांनी ही शाळा सांभाळली आणि तिची पद्धत देशोदेशी नेली. १९२९ मध्ये बेडन-पॉवेल यांना लॉर्ड ही पदवी मिळाली, तेव्हा तिच्यापुढे त्यांनी गिलवेलचं नाव लावून घेतलं. तिथे ते कधी राहिले नव्हते.

भारतात काय झालं?

१९०९ पासून भारतात स्काउटिंग होतं, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. भारतीय मुलांना दार बंद. म्हणून ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासमध्ये, तर मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत वेगळ्या संघटना उभ्या केल्या. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत आली. सेवा समितीची मंडळी वेगळीच राहिली.

१९३७ मध्ये ते पुन्हा आले, दिल्लीच्या मेळाव्यासाठी. परत गेल्यावर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी अपमानकारक मतं मांडली. इथे संताप उसळला, लोकांनी राजीनामे दिले आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन उभी राहिली. तरुणपणीची इतकी वर्षं या देशात काढलेल्या माणसाला इथली माणसं कळली नव्हती, असंच म्हणावं लागतं. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे रागावलेल्या लोकांनी स्काउटिंग सोडलं नाही, त्यांनी माणूस सोडला.

शेवटची वर्षं बेडन-पॉवेल यांनी केनियातल्या न्येरी इथे काढली. ८ जानेवारी १९४१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. जून २०२० मध्ये जगभर वसाहतकाळातल्या पुतळ्यांवरून वाद पेटला, तेव्हा ब्राउनसी बेटासमोरच्या पूल शहरातला त्यांचा पुतळाही फळ्या ठोकून झाकावा लागला होता.

स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, भारतातल्या मुख्य स्काउट संघटना एकत्र आल्या आणि भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. तिचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. आपल्याकडच्या शाळांतून स्काउट मास्तर किंवा गाइड कॅप्टन व्हायला निघालेले शिक्षक आधी बेसिक कोर्स करतात, मग ॲडव्हान्स्ड आणि त्यानंतर हिमालय वूड बॅज. गणिताच्या सरांना आणि मराठीच्या बाईंना तिथेही संघात बसावं लागतं, गाठी माराव्या लागतात, स्वयंपाकाची पाळी आली की चूल पेटवावी लागते.