मदरबोर्ड बदलण्याआधी बिघाड शोधायचा असतो, होमी भाभांनी हेच सूत्र धरून मुंबईत कम्प्युटर उभा केला

कसाऱ्यात पावसाळा लागला की घाटातलं धुकं थेट घरात शिरतं. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत आणि लाइट दिवसातून चार वेळा ये-जा करते. अशाच एखाद्या सकाळी शाळेतला नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातला डेस्कटॉप रुसून बसतो. बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीन काळी ती काळीच.

मग कोणीतरी निकाल देऊन टाकतं, मदरबोर्ड गेला.

आता बोर्ड गेला म्हणजे लोकल पकडायची, मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठायचा, खिशातले पैसे मोजायचे आणि नवा नाहीतर जुना बोर्ड घेऊन परत यायचं. एवढं करून बोर्ड बसवल्यावरही स्क्रीन काळीच राहिली तर? कारण बिघाड बोर्डात नव्हताच, रॅमच्या पट्टीवर ओल बसली होती. शहापूर-मुरबाडकडच्या छोट्या दुकानदाराला असा चुकीचा निकाल परवडत नाही.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा, मगच वस्तू बदला. साधी गोष्ट आहे. पण बिघाड शोधता येण्यासाठी ती वस्तू कशी चालते हे कळणारी माणसं लागतात. अशी माणसं आपल्याकडे तयार व्हावीत म्हणून धडपडलेला माणूस म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा. अणुऊर्जेमुळे त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं, पण भारतातल्या कम्प्युटरच्या गोष्टीतही त्यांचं नाव पहिल्याच पानावर येतं.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर बॅरिस्टर, आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरच्यांचं गणित सरळ होतं. पोराने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं.

१९२७ मध्ये पोरगा केंब्रिजला गेला खरा, पण त्याचं मन गणित आणि भौतिकशास्त्रात अडकलं. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास आण, मग हवं ते शिक. १९३० मध्ये भाभांनी फर्स्ट क्लास आणला आणि मग ते भौतिकशास्त्राकडे वळले. पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरीवर त्यांनी केलेलं काम आजही जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवलं जातं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परत जाणं अडलं. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडे ते कामाला लागले. सुट्टीवर आलेला माणूस इथलाच होऊन गेला.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला एक पत्र धाडलं. मुद्दा असा होता की काही वर्षांनी अणुऊर्जा वापरात येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागू नये, ते इथेच तयार असावेत. त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर उभी राहिली. अजून देश स्वतंत्रही झाला नव्हता.

अणुभट्टी चालवायची तर नुसतं युरेनियम असून भागत नाही. आत काय चाललंय हे सतत मोजणारी, धोका दिसला तर भट्टी बंद करणारी उपकरणं लागतात आणि ही सगळी इलेक्ट्रॉनिक्सची कामं. भाभांनी ए. एस. राव यांच्या हाताखाली इलेक्ट्रॉनिक्सचा गट उभा केला. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला अप्सरा ही भट्टी सुरू झाली. तिचं इंधन इंग्लंडहून आलं होतं, पण तिची नियंत्रण यंत्रणा इथल्या माणसांनी बनवली होती. बिघाड झाला तर इंग्लंडचा इंजिनिअर जहाजाने येईपर्यंत वाट बघायची गरज नव्हती.

त्याच काळात टीआयएफआरमध्ये दुसरं काम सुरू होतं. १९५४ मध्ये आर. नरसिंहन संस्थेत आले आणि कम्प्युटर बनवणारा छोटा गट तयार झाला. गटात बहुतेक भौतिकशास्त्र शिकलेली तरुण पोरं होती. नरसिंहन सोडले तर कोणी कम्प्युटर वापरलेलाही नव्हता, बनवणं तर दूरची गोष्ट.

तेव्हा तयार कम्प्युटर विकत घेता येत होता. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने १९५५ मध्ये इंग्लंडहून आणवला होता. पण भाभांच्या संस्थेने स्वतः बनवायचं ठरवलं. आणि बनवतानाही थेट मोठ्या मशीनला हात घातला नाही. आधी छोटं प्रायोगिक मशीन केलं. सर्किट बरोबर चालतंय का, मेमरी आकडे नीट धरून ठेवते का, हे त्यावर तपासलं. १९५६ च्या अखेरीस ते छोटं मशीन चालू लागलं आणि मग मोठ्याचं काम हाती घेतलं.

फेब्रुवारी १९६० मध्ये मोठं मशीन रीतसर सुरू झालं. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. मेमरी २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. म्हणजे सगळी मिळून १० किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवरचा एक फोटोही त्यात मावणार नाही. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक.

व्हॉल्व्ह म्हणजे बल्बचाच भाऊबंद. तापतो आणि कधीतरी जातो. २७०० पैकी एक गेला तरी उत्तर चुकू शकतं. अशा वेळी अख्खं मशीन बदलता येत नाही. वीज नीट येते का बघायची, मग एकेक भाग वेगळा काढून तपासायचा आणि वर्तुळ लहान करत बिघाडापर्यंत पोहोचायचं.

आजचा मदरबोर्ड तपासायची रीतही हीच आहे.

पहिलं काम विजेचं. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, उघड्या लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. बोर्डावर फुगलेले कपॅसिटर, जळाल्याचा डाग किंवा गंज दिसतो का बघा. मग मल्टिमीटरने एसएमपीएस तपासा. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आकडा हवा. त्याबाहेर असेल तर संशय बोर्डावर नको, एसएमपीएसवर घ्या. मात्र एसएमपीएसचा डबा खोलू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका शिल्लक असतो.

दुसरं काम म्हणजे टीआयएफआरने केलं तसं छोटं मशीन करणं. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. त्याला फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, छोटा स्पीकर आणि एसएमपीएस जोडा. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, यूएसबीची उपकरणं सगळी बाजूला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. पावसाळ्यात अर्धे पेशंट इथेच बरे होतात.

तरी चालू होत नसेल तर रॅम पूर्ण काढून बटण दाबा. स्पीकरमधून बीप आला तर समजा की प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हींत जीव आहे, बोर्ड रॅम मागतोय. बीपच आला नाही तर बोर्डावरचा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल बदला, बायोसची सेटिंग मूळ जागी आणा आणि पुन्हा बघा. मशीन सुरू झालं की बाजूला काढलेले भाग एकेक करून परत जोडा. ज्याच्यामुळे पुन्हा अडलं, तोच चोर. आणि चांगली रॅम, चांगला एसएमपीएस आणि दुसरीकडे चालून बघितलेला प्रोसेसर लावूनही काहीच हललं नाही, तरच मदरबोर्ड गेला म्हणा.

मग दुरुस्त करायचा की बदलायचा? या प्रश्नावरही भाभांची गोष्ट कामाची आहे. टिफ्रॅक सुरू झाला तोवर जग व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. आपलं मशीन जुन्या पिढीचं ठरत होतं. स्वतः बनवलंय म्हणून ते कवटाळून बसायचं नाही, असं ठरलं आणि १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला. म्हणजे दुरुस्तीचा खर्च आणि मिळणारं काम यांचा मेळ बसेना की बदलायचं. फरक एवढाच की आता विकत घेणाऱ्यांना आपण काय घेतोय हे आतून कळत होतं.

१९६२ च्या चीन युद्धाने हा धडा आणखी कडू केला. सैन्याला लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आपण किती परावलंबी आहोत ते दिसलं. १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली, अध्यक्ष भाभा. रेडिओच्या सुट्या भागांपासून कम्प्युटरपर्यंत देशात काय बनलं पाहिजे याचा आराखडा समितीने मांडला.

तो प्रत्यक्षात आलेला मात्र भाभांना बघता आला नाही. २४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेल्या भाभांचं एअर इंडियाचं कांचनजंगा विमान माँ ब्लां पर्वतावर कोसळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते.

माणूस गेला, पण त्याने तयार केलेली माणसं जागेवर होती. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली आणि तिचं नेतृत्व अप्सराची यंत्रणा बनवणाऱ्या ए. एस. राव यांनी केलं. १९६९ मध्ये टीडीसी १२ हा भारतीय कम्प्युटर आला, त्याची मुळं तुर्भ्याच्याच इलेक्ट्रॉनिक्समध्ये होती.

टिफ्रॅक केव्हाच बंद पडला. तो बनवताना तयार झालेली माणसं पुढची कित्येक वर्षं देशाच्या कामी आली.