सूर जुळवणारे खाँसाहेब

आमची वेव्हलेंग्थ जुळते, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. रेडिओबरोबर हा शब्द बोलण्यात रुळला. त्याआधी आपल्याकडे सूर जुळत. विज्ञानाच्या पुस्तकात तिलाच तरंगलांबी म्हणतात. आवाजाच्या बाबतीत, हवेतील एका संपीडनापासून पुढच्या संपीडनापर्यंतचे अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. षड्ज १७० कंपनांचा धरला तर त्याची तरंगलांबी २ मीटर आणि तार षड्जाची १ मीटर होते. हे माप आणि गायकाचा कान यांची गाठ ज्यांच्या आयुष्यात पडली, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ओळख येथे करून देत आहोत.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायक होते. ताराबाई माने यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. बेळगावहून रेल्वेने मिरजेला जाणाऱ्या आपल्या लोकांना ते गाव परके नाही. कुंदगोळचे सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य. म्हैसूर दरबारातही त्यांचे गाणे झाले आणि कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांच्या गायकीत आली.

त्या काळी निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे श्रुतींचा अभ्यास करीत होते. खाँसाहेबांच्या सुरांशी तार जुळवून ते तिची लांबी मोजत. तार ९० सेंटिमीटरची असेल तर ४५ वर तार षड्ज आणि ६० वर पंचम मिळतो. देवलांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण पंडित भातखंडे यांच्या बाजूच्या जाणकारांना पटली नाही. आमच्या मते तारेचे माप खोटे नव्हते. मात्र गाणारा एकच गंधार निरनिराळ्या रागांत किंचित वेगळा लावतो आणि पेटीची पट्टी जागची हलत नाही.

खाँसाहेबांचा खरा भरवसा तंबोऱ्यावर होता. तो पूर्ण जुळल्याशिवाय ते गात नसत. (आपल्या स्नेहसंमेलनात जुळवाजुळव चालू असता टाळ्या वाजवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!) दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज हेलकावतो, पूर्ण जुळल्या की हेलकावा थांबतो. जवारी नीट असेल तर खर्जाची तार सबंध हलतेच, शिवाय तिचे अर्धे, तिसरे, चौथे, पाचवे भागही हलतात. त्या पाचव्या भागातून गंधार ऐकू येतो. त्याची तार तंबोऱ्यावर नसते, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात.