भिंगामागचा मेस्त्री

फोटो पुसट आला की आपण भिंगाला नावे ठेवतो. पण उत्तम भिंगही तिरके बसले, तर चित्राची एक कड रेखीव आणि दुसरी धूसर येते. भिंग व फिल्म एकमेकांना समांतर हवीत आणि त्यांच्यातले अंतर नेमके हवे. रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगाचे तर फारच नाजूक काम! २५ मिलिमीटरचे भिंग दूरच्या डोंगरावर जुळवावे आणि ते केवळ ०.१ मिलिमीटर पुढे सरकावे, की रेखीवपणा डोंगर सोडून सव्वासहा मीटरवरच्या झाडावर येतो. ५० मिलिमीटरचे भिंग तेवढेच सरकले, तर तो २५ मीटरवर थांबतो.

ही जुळणी आज उपकरणे करतात. कोल्हापुरात मात्र एका चित्रकाराने सिनेमाचा कॅमेराच घरी घडवायचे मनावर घेतले. ते बाबूराव पेंटर. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कारागिराच्या घरातला. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचे वेड लागले. विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा कुठला? आनंदरावांनी स्वतःच तो बनवण्याचा ध्यास घेतला. पण १९१६ मध्ये त्यांना मृत्यूने गाठले. काम अर्धेच राहिले.

बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी घेऊन १९१८ मध्ये त्यांनी कॅमेरा पुरा केला. नुसती पेटी करून भागणारे नव्हते. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी सरकायच्या, आणि प्रत्येक चौकट भिंगामागे त्याच जागी, सपाट, क्षणभर स्थिर राहायची. जराशी ढिलाई झाली की सारे चित्र थरथरणार! पडद्यावर रेषा ओढणारी नजर येथे यंत्राच्या कामी आली.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे ‘सिंहगड’ आला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल याच कंपनीत तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ उभी केली.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. जगाने त्यांना पेंटर म्हणून ओळखले. पण भावाचे अर्धे राहिलेले यंत्र तडीस नेले, ते त्यांच्यातल्या मेस्त्रीने.