घरात जागा नव्हती, पुस्तकं परवडत नव्हती, मग शाळकरी आंबेडकर वाचायचे कुठे?

गोरेगावहून चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल पकडली की शेवटच्या काही स्टेशनांमध्ये चर्नी रोड लागतं. या स्टेशनाजवळच्या बागेत सुमारे १२० वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसायचा. तो एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकायचा. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांच्या पदव्या, त्यांची भाषणं, संविधान याबद्दल आपण बरंच वाचतो. राजगृहातल्या ग्रंथसंग्रहाचे फोटोही दर १४ एप्रिलला व्हायरल होतात. पण हायस्कूलमध्ये असताना त्यांच्या हातात पुस्तकं आली कुठून? शाळेला लायब्ररी का लागते, याचं उत्तर या गोष्टीत सापडतं.

परळची एक खोली

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले आणि कुटुंब काही वर्षं साताऱ्यात राहिलं. मग मुंबईला आलं. परळमधल्या डबक चाळीतली एक खोली हे त्यांचं घर. स्वयंपाक, झोप, सामान, माणसं, सगळं त्याच खोलीत.

अशा घरात अभ्यास कसा करायचा? त्यावर रामजींनी उपाय काढला. मुलाला लवकर झोपवायचं आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवायचं. सगळी चाळ झोपलेली असताना दिव्याच्या उजेडात भीमराव अभ्यास करायचे.

शाळेतही सगळं सोपं नव्हतं. एल्फिन्स्टन हे त्या काळातलं नावाजलेलं सरकारी हायस्कूल. भीमरावांना प्रवेश मिळाला, पण जात सुटली नाही. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते पुस्तकांच्या मदतीने स्वतःच शिकले.

पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण

भीमरावांना अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तकंही हवी असायची. निवृत्त सुभेदाराच्या पेन्शनमध्ये ती बसत नव्हती, तरी रामजी सहसा नाही म्हणायचे नाहीत.

ते आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. आधी एकीकडे हातउसने पैसे मागायचे, तिच्याकडे नसतील तर दुसरीकडे. रोख पैसे नसतील तर लेकीचा एखादा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवायचे आणि त्या पैशांत पुस्तक आणायचे. पेन्शन हातात आली की दागिना सोडवून लेकीला परत. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवली आहे.

म्हणजे एका शाळकरी मुलाच्या वाचनाचा खर्च अख्खं कुटुंब मिळून उचलत होतं. ज्या घरात गहाण ठेवायलाही काही नव्हतं, तिथल्या मुलाचं वाचन तिथेच थांबत होतं.

बागेत भेटलेले गुरुजी

त्याच चर्नी रोडच्या बागेत आणखी एक माणूस वाचायला यायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर, म्हणजे दादा केळुसकर. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि मराठीतले नावाजलेले चरित्रकारही.

रोज एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत आला. त्यांनी चौकशी केली. मुलगा दुसऱ्या शाळेतला होता, पण त्यांनी त्याला पुस्तकं द्यायला आणि काय वाचावं हे सांगायला सुरुवात केली.

पुढे भीमरावांचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. बहुतेक चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालचा, मॅट्रिकनंतरचा सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र तो इंग्रजी चौथी पास झाल्यानंतरचा असल्याचं लिहिलं आहे. हे पुस्तक बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघणाऱ्या ग्रंथमालेसाठी लिहिलं गेलं होतं, असंही त्यांनी नोंदवलं आहे.

आता मॅट्रिकचे मार्क बघा. ७५० पैकी २८२. फक्त मार्कलिस्ट बघून या विद्यार्थ्याचं भविष्य कोणी सांगितलं नसतं. केळुसकरांनी मात्र त्याला वाचताना पाहिलं होतं. कॉलेजच्या शिक्षणात पैशांची अडचण आली तेव्हा तेच त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले. भीमरावांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

१९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मग लंडन. तिथे ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसायचं, हा त्यांचा दिनक्रम झाला. घरात वाचायला जागा नसलेल्या मुलाला आता दिवसभर हक्काने बसता येईल असं टेबल मिळालं होतं.

आणि शाळेच्या दिवसांत मिळालेलं ते बुद्धचरित्र? १९५६ मध्ये 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगितलं, ते याच पुस्तकापासून सुरुवात करून. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका शिक्षकाने शाळकरी मुलाला दिलेलं पुस्तक जवळपास पन्नास वर्षं त्याच्यासोबत होतं.

पुढच्या मुलांसाठी काय केलं?

बाबासाहेबांना वडील मिळाले आणि बागेत केळुसकर भेटले. पण प्रत्येक मुलाला असं कोणी भेटेलच असं नाही. त्यांच्या पुढच्या कामात या गोष्टीची जाणीव दिसते.

२० जुलै १९२४ ला त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. ही त्यांची पहिली महत्त्वाची संस्था. शिक्षणाच्या प्रसारासाठी वसतिगृहं काढायची आणि वाचनालयं, अभ्यासवर्ग सुरू करायचे, हे तिच्या उद्दिष्टांतच होतं. १९२५ च्या सुरुवातीला सभेने सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. मुंबईत मोफत वाचनालयही काढलं.

इथे क्रम लक्षात घ्या. त्यांनी आधी कॉलेज काढलं नाही. आधी हायस्कूलमधल्या मुलाला राहायला जागा आणि वाचायला पुस्तक मिळेल हे बघितलं. कारण मुलाची शाळा सुटली, तर तो कॉलेजपर्यंत पोहोचणार कसा?

कॉलेज नंतर आलं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथेही ग्रंथालयावर त्यांचा भर होता आणि स्वतःची पुस्तकं त्यांनी कॉलेजला दिली. राजगृहाच्या बांधणीतही पुस्तकांच्या जागेचा आधी विचार झाला होता. पण पुस्तकं फक्त आपल्या घरात राहावीत, एवढाच त्यांचा हेतू नव्हता.

मग शाळेची लायब्ररी नेमकं काय करते?

भीमरावांना वाचण्यासाठी तीन गोष्टी लागल्या. बसायला शांत जागा, ती बागेत मिळाली. पुस्तक, ते गहाण ठेवलेल्या दागिन्यातून आलं. आणि योग्य वेळी योग्य पुस्तक हातात देणारं माणूस, ते योगायोगाने भेटलं. शाळेची चांगली लायब्ररी या तिन्ही गोष्टी एका छताखाली, फुकट आणि प्रत्येक मुलाला देते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय असावं आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींचीही पुस्तकं असावीत, असं लिहिलं आहे. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू होतो. पण कपाट असलं तरी ते कुलूपबंद असेल किंवा लायब्ररीचा तास दुसऱ्याच विषयाला जात असेल, तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

आजही मुंबईत एका खोलीत राहून दहावीचा अभ्यास करणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी शाळेची लायब्ररी ही शाळा सुटल्यावर बसायची एकमेव शांत जागा असू शकते. त्यामुळे पुढच्या पालकसभेत मार्कांसोबत आणखी एक गोष्ट विचारा. शाळेची लायब्ररी उघडी किती वेळ असते, आणि मुलांना पुस्तक घरी न्यायला मिळतं का?