साठीनंतरचे फादर स्टीफन्स

आजचं वाचन: स्तोत्र ९२, वचने १२ ते १४

मित्रांनो, परवा मला ३६ वर्षं पूर्ण झाली. टीममधली बहुतेक मुलं पंचविशीतली. नवीन काही आलं की ती दोन दिवसांत शिकतात, मला आठवडा लागतो. आज विरार लोकलमध्ये उभ्या-उभ्या हे स्तोत्र वाचलं. नीतिमान माणूस खजुराच्या झाडासारखा, म्हातारपणीही फळ देणारा. खरं सांगतो, मनात आलं, हे बोलायला ठीक आहे. मग फादर थॉमस स्टीफन्स आठवले.

आपण त्यांना ‘क्रिस्तपुराण’वाले फादर म्हणून ओळखतो. मराठीची त्यांनी केलेली स्तुती शाळेत कधीतरी कानावर पडलेली असते. पण ती लिहिणारा माणूस किती वर्षांचा होता, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

जन्म इंग्लंडमध्ये, साधारण १५४९ चा. १५७५ मध्ये रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले. तेव्हा वय तिशीचं, आणि इथली भाषा शून्यापासून शिकायची. (म्हणजे आपल्या भाषेत फ्रेशर!) नेमणूक साष्टीत झाली. आपली वसईही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती, पण फादरांचं जवळजवळ सगळं आयुष्य साष्टीतच गेलं.

१५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारलं. पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती, त्यामुळे गावाचा राग समजण्यासारखा होता. मेलेल्यांत रुडॉल्फ अक्वाविवा होते, अकबराच्या दरबारात राहून आलेले, वय अवघं ३२. स्टीफन्स जवळपास त्यांच्याच वयाचे. ते मृतदेह परत मिळवून दफन करायचं काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आलं. अक्वाविवांचं नाव युरोपभर झालं. स्टीफन्स मागे राहिले आणि म्हातारे झाले.

पण त्या लांबलेल्या वर्षांत काय काय झालं बघा. त्याच वर्षी त्यांनी भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग रोज लोकांत बसणं, ऐकणं, बोलणं. मराठी आणि कोकणी नुसती येऊ लागली असं नाही, अंगात मुरली. मुरायला वर्षंच लागतात, त्याला क्रॅश कोर्स नाही.

१६०८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी रोमला पत्र पाठवलं. इथली पुस्तकं इथल्याच लिपीत छापली जावीत, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा होती. अडचण त्यांनी नेमकी सांगितली: युरोपात २४ अक्षरांच्या साच्यांवर भागतं, इथे जोडाक्षरांसकट ६०० लागतील. माझ्यासारख्या कोडिंगवाल्याला हे वाचून हसू आलं आणि गहिवरूनही आलं. मोबाईलवर मराठी फॉन्ट तुटतो तेव्हा आपण वैतागतो. हे म्हातारे गृहस्थ ४०० वर्षांपूर्वी त्याच प्रश्नाशी झगडत होते.

साचे काही झाले नाहीत. म्हणून ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळपास ११,००० ओव्या, आपल्या संतांच्या छंदात. फादरांचं वय तेव्हा सदुसष्टच्या आसपास, आणि गोव्यात उतरून ३७ वर्षं झालेली. तिशीतल्या स्टीफन्सना हे लिहिता आलंच नसतं. बुद्धी तेव्हाही होती, पण कानात ओवी नव्हती.

१६१९ मध्ये ते गेले. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींपैकी एकही प्रत आज उरलेली नाही, पण लोकांनी हाताने नकला करून ग्रंथ जपला. त्यांचं कोकणी व्याकरण तर १६४० मध्ये छापून आलं. तोवर त्यांना जाऊन २१ वर्षं झाली होती.

उद्याचं वाचन: लूक २, देवळात बाळ येशूची वाट पाहणारे शिमोन आणि हन्ना.