खंडाळ्याच्या कड्यावरचे फादर सांतापाव

पावसाळ्यात पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्टेशनात थांबते. मागून जादा इंजिने लागतात, तेवढ्यात वडेवाल्यांची हाक डब्याडब्यांतून फिरते आणि मग गाडी सावकाश घाट चढू लागते. एका बाजूला खाली खोपोली आणि खालापूरची भाताची खाचरे, वर खंडाळ्याचा धुक्यात बुडालेला कडा. आपण खिडकीतून पाहतो आणि म्हणतो, वा, सगळे कसे हिरवेगार झाले आहे! पुढे बोगदा येतो आणि आपण वड्याकडे वळतो.

याच वाटेने १९४० च्या दशकात एक परदेशी धर्मगुरू वरचेवर जात असत. त्यांना हा डोंगर नुसता हिरवा दिसत नसे. त्यातले प्रत्येक झाड, प्रत्येक वेल, खडकाच्या भेगेतले बोटभर रोपटे त्यांना वेगळे दिसे आणि प्रत्येकाचे नाव त्यांना हवे असे. ते होते येशूसंघीय फादर हर्मनगिल्ड सांतापाव. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांचे विद्यार्थी असलेले काही आजोबा-आजी आजही असतील. बाकी आपल्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलेही नसेल. म्हणून त्यांची ही ओळख.

स्पेनमधून मुंबईला

फादर सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनच्या तारागोना प्रांतातील ला गालेरा या लहानशा गावी झाला. ऑलिव्हच्या बागांचा तो मुलूख. तरुण वयातच ते येशूसंघात दाखल झाले.

स्पेनचा माणूस मुंबईला कसा आला, असा प्रश्न पडेल. मुंबईचे मिशन पूर्वी जर्मन येशूसंघीयांकडे होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन धर्मगुरूंना येथे राहू दिले नाही. युद्धानंतर त्यांची जागा स्पेनच्या येशूसंघीयांनी घेतली. इतिहाससंशोधक फादर हेरास हे त्याच ओघात १९२२ साली मुंबईत आले होते. सांतापावही त्याच वाटेचे प्रवासी. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि तेथील क्यू या जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानाच्या संग्रहात काम केले. १९४० साली ते सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

तेथे त्यांची वाट पाहत होता एका दिवंगत बांधवाचा वारसा. स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लाटर १९०३ साली, म्हणजे सांतापाव जन्मले त्याच वर्षी, मुंबईत आले होते. त्यांनी कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला. १९३४ साली त्यांचे निधन झाले. मुंबई इलाख्यातील गवतांवरचा त्यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर त्यांच्या नावाशेजारी त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स मॅककॅन यांचेही नाव होते. सांतापाव यांनी हा संग्रह नीट लावायला घेतला. आज तो ब्लाटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो.

कागदात दाबलेली मैत्री

हर्बेरियम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. डोंगरातून आणलेली फांदी पाना-फुलांसकट कागदांच्या घड्यांत दाबून ठेवतात. ओल शोषली जाईपर्यंत कागद पुन्हा पुन्हा बदलतात. घाटातल्या पावसात हे काम किती चिकाटीचे असेल ते आपल्याला वेगळे सांगायला नको; आपल्याकडे जुलैत धुतलेला सदरा चार दिवस वाळत नाही! वाळलेली फांदी जाड कागदावर चिकटवतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. त्यावर वनस्पतीचे नाव, जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. असा कागद नीट जपला तर शेकडो वर्षे टिकतो.

एकाच झाडाच्या दोन-चार फांद्या घेतात. एक आपल्याकडे ठेवतात, बाकीच्या दुसऱ्या संग्रहांना पाठवतात. ते त्यांच्याकडच्या फांद्या आपल्याला पाठवतात. यात पैशांचा व्यवहार नसतो. खंडाळ्याचे फूल लंडनच्या कपाटात जाऊन बसते आणि तिकडचा कोणी अभ्यासक, ज्याला आपण कधी भेटलो नाही, पत्राने कळवतो की तुम्ही दिलेले नाव बरोबर आहे किंवा चुकले आहे. चूक दाखवली म्हणून रागवायचे नाही आणि दुसऱ्याच्या संग्रहातून काही शिकलो तर त्याचे नाव घ्यायला विसरायचे नाही, ही या बिरादरीची रीत.

या बिरादरीची एक भाषाही होती. १९३५ पासून २०११ च्या अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिल्याशिवाय तिचे नाव जगात मान्य होत नसे. त्या काळी मिस्साही लॅटिनमध्येच होत असे. सकाळी वेदीवर जी भाषा, तीच दुपारी टेबलावरच्या फुलासाठी. फादरांना ती घरच्यासारखी होती.

मुंबईतही त्यांना अशीच संगत लाभली. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्याबरोबर त्यांनी संपादित केले. सालिम अलींना १९३० साली जर्मनीतून शिकून परतल्यावर नोकरी राहिली नव्हती. तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यातील किहीमला येऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. पुढे संपादनात ऑक्सफर्ड प्रकाशनाचे हॉकिन्स हे इंग्रज गृहस्थही होते. एक मुसलमान, एक इंग्रज, एक स्पॅनिश धर्मगुरू. एकाच टेबलावर बसून एकच मजकूर तपासत. भाषा, देश आणि धर्म वेगळे, पण काम एक.

खंडाळ्याचा ग्रंथ

फादर वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत खंडाळ्याला येत राहिले. एकदा पाहून त्यांचे समाधान होत नसे, कारण डोंगर दर महिन्याला वेगळा असतो. पहिल्या पावसानंतर कंद फुटतात, श्रावणात तेरडा येतो, पाऊस ओसरला की सोनकीने पठार पिवळे होते आणि उन्हाळ्यात बोडक्या फांदीवर पांगारा पेटतो. या अभ्यासातून त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ तयार झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने तो १९५३ साली प्रसिद्ध केला. १९६७ साली त्याची सुधारून वाढवलेली तिसरी आवृत्ती निघाली. चौदा वर्षांत तो पुन्हा दुरुस्त करावासा वाटला, यातच त्या माणसाचा स्वभाव दिसतो.

कारवीवर त्यांचे विशेष लक्ष होते. कारवी आपल्याला काही नवी नाही. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर तिच्या काठ्यांचे कूड विणून, शेणमातीने लिंपून घरे उभी राहिली. हीच कारवी सात-आठ वर्षे नुसती पाने वाढवते, मग एका वर्षी सारा डोंगर एकदम जांभळा होतो आणि फळे धरून ती मरून जाते. जुन्या माणसांना हे ठाऊक होतेच. फादरांनी ते वर्ष आणि जागा यांसकट नोंदवले आणि नियतकालिकात छापले. वाडीवरचे ज्ञान त्यामुळे जगापुढे गेले.

त्यांनी पुरंदरच्या वनस्पतींवर १९५८ साली पुस्तक लिहिले. झेड. के. कापडिया यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवर लिहिले. सामान्य माणसासाठी नॅशनल बुक ट्रस्टकरिता नेहमीच्या झाडांवरचे सोपे पुस्तकही १९६६ साली लिहिले.

एका खुर्चीची गोष्ट

येथवर सर्व गोड आहे. पण चरित्र सांगताना अवघड पान गाळू नये.

स्वातंत्र्यानंतर सरकारने भारतीय वनस्पती सर्वेक्षण नव्याने उभारायचे ठरवले. १८९० साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा खिळखिळी झाली होती. या कामासाठी पंडित नेहरूंच्या विनंतीवरून डॉ. जानकी अम्माल इंग्लंडमधून परत आल्या. केरळमधील तेल्लिचेरीच्या या बाईंनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली होती आणि सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर १९४५ साली वनस्पतींच्या गुणसूत्रांवरचा मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांची योग्यता जगाने मानलेली होती. असे असताना १९५४ च्या सुमारास सर्वेक्षणातील वरिष्ठ पदावर फादर सांतापाव यांची नेमणूक झाली. जानकी अम्माल यांना हे फार लागले. देश स्वतंत्र झाल्यावरही क्यूशी नाते सांगणारा युरोपीय माणूसच का, अशी त्यांची वेदना होती आणि ती त्यांनी पत्रातून मोकळी केली.

त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. विद्वानांच्या बिरादरीत सगळे बांधव म्हणवतात, पण खुर्ची द्यायची वेळ आली की कोणाचा रंग, कोणाचा देश, कोण पुरुष आणि कोण स्त्री हे पाहिले जाते. आपल्या कार्यालयांत आणि आपल्या समाजातही ते आपण पाहतो. फादरांनी ही खुर्ची हिसकावली नव्हती. तरीही ती मिळाल्यावर दुसऱ्या कोणाचे तरी मन दुखावले, ही गोष्ट खरीच राहते.

मग अशा माणसाची परीक्षा कशात? दारातून आत गेल्यावर त्याने दार मागच्यासाठी उघडे ठेवले की नाही, यात. १९५५-५६ मध्ये सर्वेक्षणाची विभागीय कार्यालये कोइमतूर, पुणे, शिलाँग आणि डेहराडून येथे सुरू झाली. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या तरुणांना त्याआधी शिकवण्याखेरीज फारशी वाट नव्हती. आता त्यांना जंगलात हिंडून संशोधन करण्याची पगारी नोकरी मिळू लागली. सर्वेक्षणातील भारतीय शास्त्रज्ञाला काही काळ क्यू येथे नेमण्याची पद्धत होती. तिच्यामुळे आपल्या देशातून नेलेले जुने नमुने आपल्या माणसांनी तेथे बसून तपासले. १९६० च्या दशकात फादर या सर्वेक्षणाचे संचालक होते. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले होते. सरकारने १९६७ साली त्यांना पद्मश्री दिली. जानकी अम्माल यांना तोच मान १९७७ साली, दहा वर्षे उशिरा, मिळाला.

फादरांचे निधन १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत झाले. भारतातील सपुष्प वनस्पतींच्या नावांचा कोश अपुरा राहिला नाही. त्यांचे तरुण सहकारी ए. एन. हेन्री यांच्या आणि त्यांच्या संयुक्त नावाने तो १९७३ साली निघाला. ब्लाटर आणि मॅककॅन यांची आठवण होते ना? थोरला गेला, पण पुस्तकावर धाकट्याचे नाव शेजारीच होते. त्यांच्या बिरादरीने त्यांचे नाव फुलांनाही दिले. महाराष्ट्रात सापडलेल्या एका कंदीलपुष्पाच्या नावात सांतापाव आहेत. ज्याने आयुष्यभर फुलांना नावे दिली, त्याचे नाव फुलाला मिळावे, याहून चांगली भेट कोणती?

आपल्या मुलांसाठी

वाचकहो, ही गोष्ट आपल्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाची आहे.

पहिले कारण आपला डोंगर. खंडाळ्याच्या कड्याखालून आता द्रुतगती मार्ग जातो. कर्जत-खालापूरच्या उतारांवर बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली आहेत. एखादे फूल येथे होते की नव्हते, हे उद्या कोणी विचारले, तर उत्तर फादरांच्या पुस्तकात आणि त्या वाळलेल्या कागदांवर सापडेल. नोंद नसती तर नुकसान झाले हेसुद्धा आपल्याला कळले नसते.

दुसरे कारण आपली मुले. विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाला इंजिनियर किंवा डॉक्टर होता आले नाही, तर आपण तोंड पाडून बसतो. वनस्पतिशास्त्र घेतलेल्या मुलीला नातेवाईक विचारतात, पुढे काय करणार? तिला सांगा, पुण्यात आजही सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय आहे, मुंबईत ब्लाटर हर्बेरियम आहे आणि या कामाला जगभर सोबती आहेत. स्पेनच्या खेड्यातला मुलगा खंडाळ्याच्या फुलांचा जाणकार होऊ शकला, तर कर्जतची मुलगी क्यूला जाऊन काम करू शकते. वाडीवरच्या मुलाला तर आपल्यापेक्षा पुढची सुरुवात आहे. जूनमध्ये बाजारात शेवळे आणि कवला घेऊन बसणाऱ्या त्याच्या आईला जी झाडे ओळखता येतात, ती कॉलेजातल्या कित्येकांना येत नाहीत. त्याला फक्त कोणीतरी दार उघडून द्यायला हवे.

पुढच्या वेळी गाडी घाट चढू लागली की मुलांना खिडकीशी बसवा. बाहेरच्या एका फुलाचे नाव विचारा. तुम्हाला येत नसेल तर दोघे मिळून शोधा. वहीत फुलाचे नाव, जागा आणि तारीख लिहा, आणि शेवटी शोधणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका.